रविवारच्या फोनवर काय सांगायचं?

लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, कुठल्याही गावाबाहेर पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं दिसतात. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर सेकंद पळताहेत. बाकीचे त्याच्या मागे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की धावण्याचे पूर्ण ६० गुण, हा हिशेब त्यांच्या आयांनाही पाठ असतो. अग्निवीर भरतीची आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान, मग वैद्यकीय तपासणी. नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाची यादी लागली आणि नाव आलं की घरासमोर गुलाल उधळतो आणि त्याचा फोटो पेपरात येतो. त्यानंतरचे सहा-सात महिने त्या घरात काय चालतं, ते मात्र कुठंच छापून येत नाही.

पुढचा संवाद त्या महिन्यांतला आहे. तो रचलेला आहे. यातली आई आणि यातले सुभेदार गावात शोधायला गेलात तर सापडायचे नाहीत. त्यांचा वाद मात्र कितीतरी घरांत चालू असतो. आई अंगणवाडी सेविका. शेजारचे काकाजी महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आईचा मुलगा मे महिन्यात नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला गेला. ट्रेनिंगच्या शेवटची कसम परेड महिनाभरावर आली आहे. इकडे घरात दोन गोष्टी एकदम घडल्या. आजी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं आहे, मंगळवारी ऑपरेशन. आणि अवकाळी पावसात, कापून बांधीत पसरलेला धान, म्हणजे कडपा, भिजला. आज शनिवार. आई कपडे आणि डबा न्यायला गावी आली आहे. उद्या मुलाचा फोन येणार.

सुभेदार: सूनबाई, माझं ऐक. उद्या फोन आला की हसून बोल. आजी झोपली म्हण, धान घरी आला म्हण. बाकीचं परेड झाल्यावर सांगता येईल.

आई: काकाजी, त्याचा पहिला प्रश्नच असतो, ‘आजीला दे.’ एका रविवारी झोपली म्हणेन. पुढच्या रविवारी?

सुभेदार: पुढच्या रविवारी शेजारी गेली म्हण. महिनाभर निभावून न्यायचं आहे, जन्मभर नाही. तिकडे काय चालू असतं तुला ठाऊक नाही. पहाटे उठून पीटी, मग ड्रिल, मग शस्त्राचं शिक्षण, मध्येच उस्तादाचा रगडा. रात्री गिनती झाली की पोट्टा अंथरुणावर पडतो तो लाकडासारखा. पण डोक्यात घरचं काही घुसलं तर पडूनही झोपत नाही. आणि न झोपलेला रंगरूट दुसऱ्या दिवशी चुकतो. बंदुकीशी चुकून चालत नाही, तोफेशी तर नाहीच.

आई: हे मी मानते.

सुभेदार: आणि समज, तो रजा मागून धावत आला. जास्त दिवस मोडले तर रेलिगेट करतात, म्हणजे मागच्या तुकडीत टाकतात. बरोबरची पोरं कसम खाऊन पुढे गेली आणि हा पुन्हा तेच करत बसला. आजीचं हाड काय त्याच्या येण्यानं जुळणार आहे?

आई: नाही जुळणार. पण काकाजी, तुम्ही धरून चालला आहात की मी नाही सांगितलं तर त्याला कळणारच नाही. गावात प्रत्येकाच्या हातात फोन आहे. आजीला गाडीत घालताना चौकात पंधरा जण उभे होते. त्यातल्या एखाद्यानं ‘लवकर बऱ्या व्हा आजी’ म्हणून स्टेटस ठेवला असेल, तर? त्याच्या हातात फोन आला की आधी तो मला लावेल की आधी ते बघेल, काय सांगावं?

सुभेदार: आमच्या काळी हे नव्हतं. पत्र यायचं, तेही आठ-दहा दिवसांनी. लष्करी टपालाच्या ५६ एपीओच्या पत्त्यावर. तातडीचं असलं तर तार. आणि तारेचं म्हणशील तर सांगतो, घरच्यांनीच तिचा पार विचका केला होता. सणाला पोरगा हवा, बहिणीच्या लग्नाला हवा, की ठोकली तार, ‘मदर सीरियस, कम सून.’ आमच्या बॅरेकीत एका पोराची आई दोन वर्षांत तीनदा अत्यवस्थ झाली. साहेब लोक तार वाचून हसायचे. मग एकाची खरी तार आली, तर त्याला अर्ध्या तासाची उलटतपासणी. सांगायचं काय, तर घरातून जाणारी बातमी पोराला हलवून टाकते. म्हणून जाऊच देऊ नये.

आई: मला तर यातून उलटंच दिसतं, काकाजी. तारेनं घोळ केला नाही, खोट्या तारेनं केला. आज मी आजी झोपली म्हणाले आणि महिन्यानं त्याला खरं कळलं, तर त्यानंतर मी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलेलं तो कधीच खरं धरणार नाही. उद्या त्याची पोस्टिंग लांब झाली, कुठं उंचावर, बर्फात झाली, तेव्हा माझा शब्द त्याला लागेल. तो मी आत्ताच खर्च करून टाकू?

सुभेदार थोडा वेळ काही बोलत नाहीत. आई त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवते.

आई: विचारू नये, पण विचारते. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही ट्रेनिंगला होता ना?

सुभेदार: होतो. सागरला. रेजिमेंटचं सेंटर तिथंच. मी बाबांना पत्र टाकलं होतं, यंदा धान किती झाला म्हणून. उत्तर भावाच्या अक्षरात आलं. निळं आंतर्देशीय. सगळी माहिती व्यवस्थित लिहिलेली. किती पोती झाली, किती घरी ठेवली, किती विकली, कोणत्या बांधीत पाणी कमी पडलं. घडीवरच्या शेवटच्या जागेत, जिथं चिकटवायची पट्टी असते तिथं, बारीक अक्षरात, ‘बाबा गेले, तेरवी झाली, तू काळजी करू नको.’

आई: तेरवी झाल्यावर.

सुभेदार: त्या रात्री माझी संतरी ड्यूटी होती. केली. परेड वेळेवर झाली. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, पेन्शन मिळते. भावानं तेव्हा तार केली असती आणि मी निघून आलो असतो तर कदाचित यातलं काहीच झालं नसतं. म्हणून म्हणतो, त्यानं बरोबर केलं.

आई: तुम्ही भावाशी किती वर्षं बोलत नव्हता?

सुभेदार: कोणी सांगितलं तुला?

आई: काकूंनी.

सुभेदार: दोन. दोन वर्षं. पण ते वेगळं.

आई: वेगळं कसं? भावानं बरोबर केलं असं तुम्हीच म्हणता, आणि दोन वर्षं त्याचं तोंडही पाहिलं नाही. आंतर्देशीय उघडून तुम्ही धानाचा हिशेब वाचत होतात, आणि घरी बाप राहिला नव्हता. मला वाटतं राग त्या हिशेबाचा होता. तुमच्यासाठी त्यांनी घर जसंच्या तसं मांडून ठेवलं, आणि ते घर खोटं निघालं.

सुभेदार: एवढं कोण विचार करतं ग तेव्हा. गरिबी होती. एक नोकरी लागली होती, ती जाऊ नये एवढंच त्यांना दिसत होतं.

आई: तेच म्हणते. तेव्हाची गोष्ट तेव्हा बरोबर असेल. तुम्ही गेलात ते एकदाच गेलात. पेन्शनीला येईपर्यंत घर तुमच्याशिवाय चालणार हे सगळ्यांनी धरून टाकलं होतं. माझा पोरगा तसा गेलेला नाही. अग्निपथ योजना जाहीर झाली जून २०२२ मध्ये, तेव्हाच आम्ही सगळं वाचलं. चार वर्षं, त्यातच ट्रेनिंग. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होणार. म्हणजे चारातली तीन परत. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवा निधीला कापून एकवीस हातात. शेवटी साडेअकरा लाखांच्या वर मिळतील. पण पेन्शन नाही.

सुभेदार: तो पंचवीस टक्क्यांत बसेल. धावतो चांगला.

आई: देव करो आणि बसो. पण नाही बसला तर बावीस-तेविसाव्या वर्षी तो याच अंगणात उभा राहणार आहे. याच बांधीत, याच आजीजवळ. मग चार वर्षं त्याला घराच्या बाहेर ठेवून मी काय साधणार? आजीचं ऑपरेशन कसं ठरलं, पैसे कुठून आले, कडप्याचं काय झालं, हे त्याला माहीत नसेल तर तो परत येईल तेव्हा पाहुण्यासारखा येईल. तुम्हाला घरानं पाठवून दिलं होतं, काकाजी. माझ्या पोराला घरानं धरून ठेवायचं आहे.

सुभेदार: हे पटण्यासारखं आहे. पण एक सांग, तू सांगताना रडशील की नाही?

आई: रडेन बहुतेक.

सुभेदार: मग झालं! पोराला आईचा हुंदका ऐकू आला की बाकीचं काही ऐकू येत नाही. तुझ्या काकूनं माझ्यासमोर कधी टिपूस गाळलं नाही. सुट्टी संपून निघालो की डबा हातात द्यायची आणि दारातूनच आत वळायची. सैनिकाची बायको म्हणजे अशी.

आई: आत वळून कुठं जायच्या माहीत आहे? कोठ्यात. बैलाच्या मागे उभं राहून रडायच्या. मागच्या वर्षी माझं पोरगं भरतीची तयारी करत होतं तेव्हा मला सांगून ठेवलं त्यांनी, तुझ्या घरी बैल नाही, आधीच एखादी जागा बघून ठेव म्हणून.

सुभेदार: मला कधी बोलली नाही.

आई: तुम्ही कधी विचारलं? इथं हाच घोळ आहे, काकाजी. सगळे एकमेकांसाठी घट्ट राहतात. याचे बाबा पोरगा गेल्यापासून भल्या सकाळी बांधीवर जातात आणि दिवेलागणीला येतात. रोवणीला ठीक होतं, निंदणालाही ठीक. पण काहीच काम नसतं तेव्हाही जातात. धुऱ्यावर बसून राहतात. मला म्हणतात, पाणी बघत होतो. पाणी काय दिवसभर बघायचं असतं?

सुभेदार: बापाला रडायला कोठाही नसतो.

आई: आणि मला गल्लीत रडता येत नाही, त्याचं वेगळंच कारण आहे. आमच्या पोराबरोबर पहाटे धावायला आणखी चौघं जायची. एकाचं वय निघून गेलं, एकाची छाती कमी भरली, दोघं परीक्षेतच राहिले. त्यांच्या आया पेढे घ्यायला आल्या होत्या. आता त्यांच्यासमोर मी ‘पोराशिवाय घर खायला उठतं’ म्हणू? त्यांना वाटेल, हिचं लागलं तरी रडगाणं संपेना. ज्याचा पोरगा गेला त्यानं आनंदीच दिसलं पाहिजे, असा गावाचा नियम आहे. मुलीच्या मोबाइलवर त्या कोरियन पोरांची गाणी वाजत असतात ना, तिनं मला सांगितलं, तिकडे प्रत्येक पोराला सैन्यात जावंच लागतं. बीटीएसमधला जिन डिसेंबर २०२२ मध्ये गेला, जून २०२४ मध्ये परत आला. एवढा मोठा गायक, पण त्यालाही सूट नाही. मला वाटलं, तिथल्या आईला निदान एवढं तरी सोपं असेल. शेजारणीचाही गेलेला असतो. तिच्यासमोर रडायला लाज नाही.

सुभेदार: तुला भीती कशाची वाटते, खरं सांग. चार वर्षांची, की त्या दुसऱ्या गोष्टीची?

आई: त्या दुसऱ्या गोष्टीची वाटते तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनला गेला. कामावर असताना गेलेला पहिला अग्निवीर. आपल्या विदर्भातला. तेव्हा आमचा पोरगा बारावीला होता. टीव्हीवर बातमी चालू होती आणि हा बाजूला बुटाच्या नाड्या बांधत होता, धावायला जायला. मी त्याला अडवलं नाही. अडवायला तोंड कुठं होतं? जीव काय सीमेवरच जातो? २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, सकाळी डबा घेऊन ड्यूटीवर गेलेली माणसं घरी आली नाहीत. धोका भंडाऱ्यातही आहे. फरक एवढाच, जवाहरनगरला जाणारा संध्याकाळी घरी येतो, त्यामुळे भीती रोजच्या रोज विझते. ही भीती विझत नाही, नुसती पडून राहते.

सुभेदार: हे तू पोराला कधी बोललीस?

आई: नाही. हे नाही बोलणार. तेवढी अक्कल मलाही आहे. माझी भीती त्याच्या खांद्यावर टाकणं वेगळं आणि घरात काय घडलं ते सांगणं वेगळं. भीती मी तुम्हाला सांगते, काकूंना सांगते. त्याला फक्त घडलेलं सांगायचं.

सुभेदार: हं. आता तू माझ्या बाजूला आलीस.

आई: मी माझ्याच बाजूला आहे, जी. तुम्हीच थोडे सरकलात.

सुभेदार: सरकलो तर सरकलो. मग सांगायचं कसं ते तरी माझ्याकडून ऐक, अठ्ठावीस वर्षांत पोरांना घरच्या वाईट बातम्या मीच वाचून दाखवल्या आहेत. पहिलं, ‘अरे, एक वाईट झालं’ अशी सुरुवात करायची नाही. तेवढ्या दोन सेकंदांत पोरगा दहा माणसं मारून मोकळा होतो. आधी सांगायचं आजी कुठं आहे, जवळ कोण आहे, आता कशी आहे. मग काय झालं ते. मग ऑपरेशन कधी. या क्रमानं सांगितलं की त्याच्या पायाखाली जमीन राहते.

आई: हे चांगलं सांगितलंत.

सुभेदार: दुसरं, ‘येतोस का’ विचारायचं नाही. ‘येऊ नको’ही म्हणायचं नाही. येऊ नको म्हटलं की त्याला वाटतं, प्रकरण फार गंभीर आहे म्हणून लपवताहेत. सांगायचं, गरज पडली तर आम्ही सेंटरला रीतसर कळवू, तुझ्या कंपनी ऑफिसातून तुला समजेल. म्हणजे त्याला कळतं की त्याला बोलावायचा एक रस्ता आहे आणि तो रस्ता घरच्यांना माहीत आहे. मग तो प्रत्येक फोनला दचकत नाही. भंडाऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, कागदाला काही अडलं तर मी तिथं जाईन.

आई: आणि आजीशी बोलायला द्यायचं का?

सुभेदार: द्यायचंच. पण आजीला आधी सांगून ठेव, ‘बाळा, मी काही आता राहत नाही’ हे तिचं नेहमीचं वाक्य उद्या म्हणायचं नाही. गेली दहा वर्षं ती तेच म्हणते आहे.

आई हसते. सकाळपासून पहिल्यांदाच.

सुभेदार: परेडला जाणार आहात ना दोघं? तिथं आईबापांना गौरव पदक लावतात हल्ली. आमच्या वेळी नव्हतं. आईबाप परेड बघायला यायचेच नाहीत, भाड्याला पैसे कुठं होते.

आई: जाऊ, विदर्भ एक्स्प्रेसनं. आजीचं काही ठीक झालं तर. पण काकाजी, ते पदक न रडल्याबद्दल असतं का?

सुभेदार: ते मी साहेबांना विचारून सांगतो. आता धानाचं बोल. आजीचं सांग, मी नाही म्हणत नाही. पण भिजलेल्या कडप्याचं त्याला सांगू नको. त्यात तो काही करू शकत नाही. पोराला पैशाचं दुःख लागलं की तो खाणंपिणं कमी करून मनिऑर्डर करायला लागतो. आम्ही सगळ्यांनी केलं आहे ते.

आई: म्हणूनच सांगायचं. पाऊस इथं पडला हे त्याला हवामानाच्या बातमीत दिसलंच असेल. ऑक्टोबरात कडपा बांधीतच असतो हे त्याला सांगावं लागत नाही, मागच्या वर्षीपर्यंत तोच कापत होता. मी गप्प बसले तर तो स्वतःच हिशेब करेल आणि सगळंच गेलं असं धरेल. मी आकडा सांगितला, की दोन एकरांपैकी अर्ध्याला कोंब फुटले, बाकीचा उलटवून वाळवतो आहोत, खरेदी केंद्रावर नेण्याइतका निघेल, तर तो तेवढीच काळजी करेल जेवढी आहे. न सांगितलेला आकडा नेहमी मोठा असतो.

सुभेदार: हे मला पटत नाही. पैशाचं ओझं पोरावर टाकू नये.

आई: नका पटवून घेऊ. चार वर्षांनी तो बांधीत उतरला आणि सोसायटीचं कर्ज बघून त्यानं विचारलं, ‘हे मला का नाही सांगितलं?’, तर त्याला उत्तर तुम्ही द्याल का?

सुभेदार: पुन्हा चार वर्षं!

आई: पुन्हा चार वर्षं. तुमच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक आहे.

सुभेदार: बरं, धानाचं नंतर बघू. उद्या भंडाऱ्याला कितीला निघते?

आई: सकाळच्या एसटीनं. तुम्हीही चला. फोन आजीच्या खाटेजवळच घेऊ, स्पीकरवर. आधी तुम्ही बोला, आजी बरी आहे, आम्ही सगळे जवळ आहोत म्हणून. तुमच्या आवाजाला तो भितो, नीट ऐकून घेईल. मग काय झालं ते मी सांगते. रजेचं आणि कंपनी ऑफिसचं पुन्हा तुम्ही.

सुभेदार: आणि धान?

आई: ते याचे बाबा सांगतील. सहा महिन्यांत त्यांनी पोराशी ‘जेवलास का’ याच्या पुढे एक वाक्य बोललेलं नाही. धानावर बोलता येईल त्यांना. बापलेकांचं तेवढंच तर आहे.

सुभेदार: मग सांगू दे. त्यानं सांगितलं तर माझी हरकत नाही.